मदत हवी आहे: इग्ल्सच्या क्रायझलमधून नीट बाहेर कसं पडायचं?

मंडळी, मी स्केलेटन करते, म्हणजे छोट्या स्लेडवर पालथं झोपून, डोकं पुढे ठेवून बर्फाच्या ट्रॅकवरून खाली घसरत येण्याचा खेळ. सध्या ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या इग्ल्स ट्रॅकवर आहे. तीन दिवस सराव, रोज दोनच रन, मग शर्यत. त्यातले दोन दिवस संपले.

तसा हा ट्रॅक सोपा म्हणतात, म्हणूनच जास्त लाज वाटते. वरचा भाग ठीक जातो, पुशही (सुरुवातीला स्लेड ढकलत धावणं) बरा लागतो. घोडं अडतं ते क्रायझलला, म्हणजे गोल फिरवणाऱ्या त्या लांबलचक वळणाला. आत स्लेड भिंतीवर चढते, उतरते, परत चढते. दाबाने हनुवटी बर्फाला टेकायला येते आणि नेमकी बाहेर पडायची जागा दिसतच नाही. मी उजवा खांदा दाबते, पण उशिरा. मग डावा दंड भिंतीला घासतो. काल सूट फाटला नाही एवढंच, दंड मात्र कोपरापर्यंत जांभळा. तिथे गेलेला वेग खाली भरून येत नाही.

प्रशिक्षक म्हणतात, "डोळ्यांवर जाऊ नकोस, दाब मोज." म्हणजे नक्की काय मोजू? दुसऱ्यांदा दाब वाढला की लगेच खांदा द्यायचा, की तो सुटायला लागल्यावर? गुडघाही सोबत वापरता का?

उद्या शेवटचे दोन रन. रनर (स्लेडखालच्या पोलादी पट्ट्या) रात्री पॉलिश पेपरने घासून होतील, ती काळजी नाही. इथे उतरलेल्या कुणी सांगाल का?