लोकेशन बंद असूनही सर्च भलत्याच शहरातलं का दाखवतं?

रातराणी_७
परवा रात्री दीडला लेकीला ताप चढला, घरातलं औषध संपलेलं, म्हणून फोनवर मेडिकल शोधलं तर वरची चारही दुकानं दुसऱ्याच शहरातली, इथून दोनेकशे किलोमीटर लांब. एकाला तर फोनपण लावला, तो पत्ता सांगायला लागला तेव्हा कुठे कळलं. लोकेशन मी कायम बंद ठेवते, सारखं कुणीतरी आपल्या मागावर आहे असं नको वाटतं. पण बंद आहे तर कुठलंच शहर यायला नको ना, मग हे आलं कुठून?

तारवाला
ताई, आधी लेक कशी आहे ते सांगा.
हे आलं आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनला मिळालेल्या नंबरावरून. जीपीएस बंद केलं तरी आयपी समोरच्याला दिसतोच, नाहीतर उत्तर परत पाठवणार कुठे? कुठला आयपी कुठल्या भागातला याच्या याद्या असतात, त्यावरून अंदाज बांधतात. घरच्या ब्रॉडबँडला तो बऱ्यापैकी जमतो, पण मोबाइल डेटावर कंपनी हजारो लोकांचं ट्रॅफिक एकाच गेटवेतून, म्हणजे इंटरनेटला जोडणाऱ्या एकाच नाक्यावरून बाहेर काढते, तो गेटवे दुसऱ्या शहरात असला की सर्चला वाटतं तुम्ही तिथेच आहात. व्हीपीएन, म्हणजे ट्रॅफिक दुसरीकडच्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय, लावला असेल तर देशसुद्धा बदलू शकतो. गूगलवर शोधल्यावर पानाच्या पार तळाशी बघा, त्यांनी कुठलं ठिकाण धरलंय आणि कशावरून, ते लिहिलेलं असतं. आणि घाई असली की सरळ आपल्या भागाचं नाव टाइप करायचं, परवानगीची भानगडच नको.

मधली_वाट
नाव टाइप करणं ठीक, पण लेकरू तापलेलं असताना ते सुचत नाही हो. अँड्रॉइड १२ पासून ॲपने लोकेशन मागितलं की अचूक का अंदाजे असं विचारतात, आयफोनला हे आयओएस १४ पासून म्हणजे २०२० पासून आहे. अंदाजे द्या आणि तेही फक्त ॲप वापरताना. सर्चसाठी गूगल जो ढोबळ भाग धरतं तो ३ चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आणि किमान १००० वापरकर्ते असलेला असतो असं ते स्वतःच सांगतात. मेडिकल शोधायला तेवढं भरपूर झालं, तुमचं दार कुणाला कळायची गरजच नाही.

जुनी_खिडकी
एका वेळचं लोकेशन दिलं तर मला भीती नाही वाटत, साठलेलं असतं त्याची वाटते. रोज रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, एवढ्यावरून घर आणि ऑफिस दोन्ही कळतं. गूगलची टाइमलाइन, म्हणजे आपण कुठे कुठे गेलो त्याची नोंद, बंद केली तरी गूगल अकाउंटच्या वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी या सेटिंगमध्ये सर्चसोबत ढोबळ जागा सेव्ह होते, ते वेगळं बंद करावं लागतं. बरेच जण इथेच चुकतात.

रातराणी_७
लेक बरी आहे आता, सकाळी ताप उतरला. तळाशी बघितलं, तेच शहर, आयपीवरूनच धरलेलं. अंदाजे लोकेशन दिलं तर पहिलंच दुकान चालत पाच मिनिटांवरचं आलं, तेव्हा हे माहीत असतं तर! ॲक्टिव्हिटीपण बंद केली. पण लॅपटॉपला तर जीपीएस नसतो, तरी ब्राउझर परवानगी का मागतो?

तारवाला
तो आसपासचे वायफाय राउटर बघतो. कुठला राउटर कुठे आहे याची यादी आधीच तयार असते, त्यावरून जागा बरीच नेमकी कळते. म्हणूनच घर बदलून राउटर सोबत नेला तर काही दिवस लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दिसू शकतो.