कोटेशनमध्ये तीन डॅम्पर. तिन्ही लागतात का?

मेसवाली_कर्वेनगर:
कर्वेनगरात माझी मेस आहे, साठ-सत्तर पोरं जेवतात. नव्या जागेत स्वयंपाकघराला धूर ओढणारा हुड आणि तो बाहेर नेणारा पत्र्याचा डक्ट, हॉलला डक्टवाला एसी करतेय. ठेकेदाराने हुडच्या डक्टवरच व्हीसीडी (हवा कमी-जास्त करायला), फायर डॅम्पर (आगीसाठी) आणि एनआरडी (उलटा वारा अडवायला) असे तिन्ही डॅम्पर लावलेत. बेरीज बघून पोटात गोळा आला. विचारलं तर म्हणे, "मॅडम, लागतंच ते." जुन्या जागेत पंखा बंद केला की पावसाळी वारा डक्टमधून उलटा शिरायचा, सकाळच्या चहाला रात्रीच्या फोडणीचा वास.

पत्रेवाले_भोसरी:
ताई, भोसरीत सव्वीस वर्षं डक्ट बनवतोय. डॅम्पर म्हणजे वाऱ्याच्या वाटेतली झडप. पण हुडच्या तेलकट डक्टमध्ये झडपच नको. पात्यांवर चिकटा साचतो आणि आग लागली तर तोच पेटतो. व्यावसायिक स्वयंपाकघरांच्या आगीपासून बचावासाठीच्या अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या मानकातही खास त्यासाठी प्रमाणित नसलेला डॅम्पर तिथे चालत नाही.

फायर डॅम्परमध्ये साधारण ७२ अंशांना वितळणारी एक कडी असते. ती तुटली की स्प्रिंगने झडप बंद. तो आगरोधक भिंतीतून किंवा स्लॅबमधून एसीचा डक्ट जातो तिथे बसवायचा. ऐन दुपारी हुडच्या डक्टमध्ये ही झडप मिटली तर सगळा धूर तुमच्या डोळ्यांत.

व्हीसीडी हॉलच्या एसीला घ्या, प्रत्येक फाट्यावर एक. नाहीतर जवळच्या टेबलावर पोरं कुडकुडतात, कोपऱ्यातली घामाने भिजतात. शेजारशेजारची पाती उलट दिशेने फिरणारा मागा. सगळी एकाच दिशेने फिरणारा नुसता उघड-बंद करायला ठीक, हवा मोजून सोडायला नाही. सेटिंग झालं की हँडलला मार्करने खूण करा. कुणी करत नाही, मग रंगारी हँडल हलवतो आणि पुन्हा मलाच फोन.

एनआरडी टॉयलेटच्या पंख्याला. पंखा चालू की पाती उघडतात, बंद की वजनाने पडतात. वायर नाही, मोटर नाही.

आणि उलट्या वाऱ्याचं म्हणाल, तर जुन्या डक्टचं तोंड कुठल्या दिशेला होतं?

निवृत्त_वायरमन:
फायर डॅम्पर घेतलाच तर शेजारी डक्टला तपासणीचं झाकण मागा. एका इमारतीत मी उघडून पाहिलं, सारखी मिटते म्हणून कुणीतरी झडप तारेने उघडी बांधून ठेवली होती. कागदावर डॅम्पर होता हो!

मेसवाली_कर्वेनगर:
तोंड पश्चिमेला होतं, दादा.

पत्रेवाले_भोसरी:
मग बरोबर. पावसाचा वारा पश्चिमेचाच. या वेळी डक्ट सरळ गच्चीच्या वर काढा, वर फेकणारा पंखा लावा. आणि हुडचे फिल्टर दर आठवड्याला गरम पाणी-सोड्यात.

मेसवाली_कर्वेनगर:
हुडसमोरच्या तिन्ही ओळी खोडून ठेकेदाराला फोटो पाठवला. अजून निळी टिक नाही.