दातांच्या उपचारांची भीती: रुग्णांना नेमकं काय विचारू? मदत हवी आहे

अबोली:

नमस्कार मंडळी,

मी दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. प्रबंधाचा विषय घेतलाय दातांच्या उपचारांची रुग्णांना वाटणारी भीती आणि ती कमी करण्याचे उपाय. रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, पण त्यांना विचारायचं काय, इथेच घोडं अडलंय. डॉक्टरांच्या खुर्चीच्या नुसत्या विचाराने ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी कृपया लिहा. इथलं काहीही प्रबंधात जाणार नाही. एथिक्स कमिटीच्या परवानगीआधी माहिती गोळा करता येत नाही आणि ते योग्यच आहे. मला फक्त माझे प्रश्न तपासून हवे आहेत.

भीती मोजायची साधनं आहेत. नॉर्मन कोरा यांची १९६९ सालची मोजपट्टी चार प्रश्नांची. उद्या दात दाखवायला जायचंय, बाहेर नंबर यायची वाट बघताय, खुर्चीत बसलाय आणि ड्रिलची तयारी चाललीय, दात साफ करायची हत्यारं बाहेर निघतायत. अशा प्रत्येक वेळी कसं वाटतं? त्यात इंजेक्शनचा प्रश्नच नव्हता. तो हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये घातला. आता पाच प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण १९ किंवा त्याहून जास्त आले तर भीती तीव्र मानतात. जगभरातले अभ्यास एकत्र करणाऱ्या २०२१ मधल्या एका आढाव्यात सुमारे १५ टक्के प्रौढांना ही भीती असल्याचं आणि सुमारे ३ टक्क्यांमध्ये ती फार तीव्र असल्याचं दिसलं.

हे सगळं ठीक, पण समजा दोन जणांचे गुण २० आले. एकाला सुई सहन होत नाही, दुसऱ्याला डॉक्टर काय बोलतील याची धास्ती आहे. आकडा तोच, पण दोघांना उपाय एकच कसा देणार? अमेरिकेत सिएटलला मिलग्रोम आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे चार गट केले आहेत: ठरावीक गोष्टीला घाबरणारे (सुई, ड्रिलचा आवाज, वास), डॉक्टरांवर भरवसा नसलेले, एकंदरच काळजी करणारे आणि उपचारात आपल्याला काहीतरी होईल, गुदमरायला होईल असं वाटणारे. मला ही मांडणी कामाची वाटते, कारण ती ‘किती’ सोडून ‘कशाची’ हे विचारते.

तर सांगा: नेमका कोणता क्षण नकोसा होतो? भीती कधीपासून आहे? डॉक्टरांना कधी सांगितलीत का? आणि काय केल्यावर थोडं तरी सुसह्य झालं?

सुखदा:

मला दुखण्याचं फारसं काही नाही. तोंड उघडं, आत हत्यारं, पाणी ओढणारी नळी, आणि बोलता येत नाही. काही झालं तर सांगणार कसं, हीच भीती. सध्याच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं की डावा हात वर करा, मी त्या क्षणी थांबेन. मी खात्री करायला काही होत नसताना हात वर केला. ते थांबले, ड्रिल बाजूला ठेवलं, कारणही विचारलं नाही. त्यानंतर हात वर करायची वेळ क्वचितच आली. आधीचे एक डॉक्टरही ‘दुखलं तर सांगा’ म्हणायचे, पण हात केला की ‘झालंच, झालंच’ म्हणत काम चालू ठेवायचे. त्यापेक्षा सांगितलं नसतं तर बरं. तुमच्या प्रश्नांत ‘डॉक्टर खरंच थांबले का?’ हा हवाच.

भाऊ:

अबोलीताई, माझं कारण तुमच्या यादीत आलंच नाही. लाज. बरीच वर्षं गेलो नाही, दात किडत गेले. शेवटी गेलो तर सहायकासमोर ऐकावं लागलं, ‘इतके दिवस काय करत होतात?’ तसाच उठून आलो. मग आणखी टाळलं. आता हसतानाही तोंडावर हात जातो. कुणी म्हणालं ना की घाबरू नका, दुखणार नाही, तर मला त्याचा उपयोग नाही. दुखण्यासाठी मी थांबलेलोच नाही.

अबोली:

भाऊ, मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत त्या चक्राचं वर्णन स्वीडनच्या बर्ग्रेन यांनी १९८४ मध्येच केलंय. भीतीमुळे टाळणं, टाळल्याने दात बिघडणं, बिघडल्याची लाज, आणि लाजेमुळे पुन्हा टाळणं. कोराच्या चार प्रश्नांत लाजेला जागा नाही आणि हम्फ्रिसच्या पाचव्यातही नाही. मी ‘तपासल्यावर डॉक्टर काय म्हणतील याची काळजी वाटते का?’ असा वेगळा प्रश्न घालते. तुमच्याशी ज्या शब्दांत बोललं गेलं ते चूकच होतं, हे मी याच पेशातली म्हणून सांगते.

सुखदाताई, ऑस्ट्रेलियाच्या आर्मफील्ड यांची २००६ मधली मांडणी तुमच्या अनुभवाशी जुळते. त्यांच्या मते भीती चार समजुतींवर उभी असते: माझ्या हातात काही नाही, पुढे काय होईल ते कळत नाही, इजा होईल आणि किळस वाटेल. तुमच्या डाव्या हाताने पहिलीच समजूत काढून टाकली.

रानफूल:

एवढा विचार कशाला? आधी गोळी द्या किंवा गुंगी आणून काम उरका. मी तेच करते आणि मला काही आठवतही नाही.

अबोली:

रानफूल, तातडीच्या वेळी गुंगीचं औषध खरंच उपयोगी पडतं. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण पुढचं काय, हे जर्मनीतल्या एका अभ्यासात बघितलंय, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. अतिशय घाबरणाऱ्या ५० जणांचे तीन गट केले. काहींना शांत करणारं औषध दिलं, काहींना ताण हाताळायचं प्रशिक्षण आणि मनातल्या मनात त्या प्रसंगाला सामोरं जायचा सराव, उरलेल्यांना काहीच नाही. दाताच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पहिल्या दोन्ही गटांना भीती कमी वाटली. नंतर मात्र औषधवाल्यांची भीती परतली आणि सराववाल्यांची आणखी कमी होत गेली. पुढचे उपचार चालू ठेवणारे सराववाल्यांत ७० टक्के होते, औषधवाल्यांत २० आणि काहीच न मिळालेल्यांत १०. गट लहान होते हे मान्य, पण फरक मोठा आहे. लंडनच्या एका विशेष केंद्रात विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती घ्यायला आलेल्या १३० रुग्णांची पाहणी २०१५ मध्ये छापून आली. त्यांतल्या ७९ टक्क्यांनी पुढे गुंगीशिवाय दातांचे उपचार करून घेतले. तुम्हाला एक विचारू? काही आठवत नसल्यामुळे पुढच्या खेपेची भीती कमी झालीय, की तितकीच आहे?

रानफूल:

तितकीच आहे. खरं तर गोळी मिळणार नसेल तर मी जातच नाही.

दाढदुखी:

मीही दंतवैद्य आहे, बरीच वर्षं दवाखाना चालवतोय. दोन गोष्टी सुचवतो.

खालच्या दाढेची नस सुजलेली असेल तर नेहमीचं इंजेक्शन पुष्कळदा पुरेसं लागू होत नाही. ओठ बधिर होतो, दाढ होत नाही. अशा वेळी रुग्ण ‘दुखतंय’ म्हणाला की काही जण म्हणतात, ‘तुम्ही घाबरलाय म्हणून वाटतंय.’ हे मला फार खुपतं. रुग्ण खरं सांगत असतो. वेगळ्या जागी जास्तीची भूल द्यावी आणि लागू झाली का ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तेव्हा ‘दुखतंय म्हटल्यावर विश्वास ठेवला का?’ हे जरूर विचारा.

दुसरं, सुई बघून चक्कर येणारे रुग्ण निराळे. त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांना ‘अंग सैल सोडा’ सांगितलं तर उलट लवकर चक्कर येते. दंड, मांड्या, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, मग थोडे सोडायचे, पुन्हा आवळायचे. ही पद्धत स्वीडनच्या ओस्ट यांनी विकसित केली. म्हणून ‘कधी चक्कर आली होती का?’ हा प्रश्न सुरुवातीलाच घ्या.

आणि ते पाच प्रश्नांचं पान भरून घेतलंत तर ते फायलीत लावून विसरू नका. उत्तर वेल्समधल्या दवाखान्यांत झालेली एक चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. काही रुग्णांनी भरलेलं पान डॉक्टरांच्या हातात दिलं, काहींचं स्वागतकक्षातच राहिलं. डॉक्टरांना ज्यांची भीती कळली होती, त्यांची घरी जाताना जास्त कमी झालेली होती. तेव्हापासून मी ते पान आधी वाचतो, मग हातमोजे घालतो.

अबोली:

डॉक्टर, चक्करचा प्रश्न माझ्या डोक्यातच नव्हता. तो पहिल्या पानावर घेतला.

सगळ्यांचं वाचून प्रश्नावली बरीच बदलली. गुणांची मोजपट्टी तशीच ठेवतेय, पण तिच्यामागे मोकळे प्रश्न येतील: कोणता क्षण, थांबायची खूण ठरली होती का आणि पाळली गेली का, दुखतंय म्हटल्यावर काय झालं, कोणी काही बोललं का. शिवाय मुलाखत फक्त आठवणींवर ठेवायची नाही असं ठरवलंय. केंट यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की घाबरणाऱ्या रुग्णांना तीन महिन्यांनी आठवणारं दुखणं प्रत्यक्ष झालेल्या दुखण्यापेक्षा आधी वाटलेल्या अंदाजाशी जास्त जुळतं. म्हणून उपचार संपताच तिथेच ‘आत्ता किती दुखलं’ ते लिहून घ्यायचं आणि पुढच्या खेपेला रुग्णालाच त्याचं स्वतःचं पान दाखवायचं. हा भाग गाईडना पटायला हवा.

अजून एक मदत हवी आहे. कॅनडातल्या १९९९ च्या एका पाहणीत घाबरणाऱ्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांची भीती लहानपणापासूनची होती, पण पाव भागाहून थोड्या जास्त लोकांची मोठेपणी सुरू झालेली. अशा मोठेपणी सुरू झालेल्या भीतीबद्दल इथे अजून कोणी लिहिलेलं नाही. आधी बिनधास्त जात होतात आणि मग जाणं बंद झालं, असं कोणाचं असेल तर मध्ये काय घडलं ते सांगाल? सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.