मदत हवी आहे: जुन्या कारखान्याच्या जागेवर घरं बांधताना पावसाचं पाणी जमिनीत मुरवावं का?

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

आम्ही काही कुटुंबं मिळून गृहनिर्माण सहकारी संस्था काढतो आहोत. शहरातल्याच एका बंद पडलेल्या कारखान्याची जागा घ्यायचं जवळजवळ ठरलंय. शहराबाहेरच्या शेतजमिनीवर आणखी एक वसाहत उठवण्यापेक्षा जिथे रस्ते, नळ, बससेवा आधीपासून आहेत तिथेच राहायचं, हा आमचा पहिल्यापासूनचा आग्रह आणि तो आजही कायम आहे. आर्किटेक्टनी आराखडाही मनापासून केलाय. छतावर सौर पॅनेल, मधल्या मोकळ्या जागेत भाजीपाला, आणि छतावरचं सगळं पावसाचं पाणी शोषखड्ड्यांतून जमिनीत. माझं घोडं अडलंय ते या शोषखड्ड्यांपाशी.

कारखान्यात धातूच्या वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवायचं काम चालायचं. मातीच्या तपासणीत भरावाच्या थरात क्रोमियम आणि शिसं सापडलं. ज्या भागात मुलाम्याआधी वस्तूंवरचं ग्रीस काढत, तिथे ट्रायक्लोरोइथिलीन (ग्रीस विरघळवणारं द्रावण) मिळालं. तपासणी करणाऱ्यांचा सल्ला असा: जास्त दूषित माती उचलून न्या, बाकीच्या जागेवर स्वच्छ माती आणि फरसबंदीचं आच्छादन घाला. आता आच्छादन कशासाठी, तर पाऊस खाली जाऊ नये म्हणून. आणि शोषखड्डे कशासाठी, तर पाऊस खाली जावा म्हणून! एकाच जागेचे हे दोन कागद, पण एकाने दुसऱ्याकडे पाहिलेलंच नाही असं वाटतं. संस्थेतल्या बऱ्याच जणांना माझी शंका जास्तीची वाटते. ‘पाणी मुरवणं वाईट कसं असेल?’ असं विचारतात.

मला वाचून जे कळलं ते सांगते, चुकत असेल तर दुरुस्त करा. शिसं बहुतेक करून मातीच्या कणांना चिकटून राहतं. पण क्रोमियमचा एक प्रकार, सहा संयुजेचं क्रोमियम, पाण्यात विरघळून लांबवर जातो. ट्रायक्लोरोइथिलीन तर पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते भूजलाच्या पातळीखालीही उतरतं आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचून राहतं. शिवाय त्याची वाफ फरशीच्या भेगांतून घरात चढते.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातली लव्ह कॅनॉल वसाहत यामुळेच माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे १९४२ ते १९५३ या काळात जुन्या कालव्यात रासायनिक कचरा पुरला होता. वर मातीचं झाकण होतं. पुढे आसपास बांधकामं झाली, झाकण ठिकठिकाणी फुटलं, पाऊस आणि वितळलेला बर्फ आत साचत गेला आणि रसायनं लोकांच्या तळघरांत आली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. कचरा तिथे वर्षानुवर्षं पडून होताच. त्याला घरापर्यंत आणलं ते पाण्याने.

याच्या उलट स्वीडनमधल्या माल्मोच्या जुन्या बंदर-जहाजबांधणीच्या जागेवर २००१ मध्ये ‘बो ०१’ ही वसाहत झाली. तिथे पावसाचं पाणी हिरव्या छतांवरून, उघड्या पन्हाळींतून आणि तळ्यांतून वरच्यावर वाहत जाऊन समुद्राला मिळतं. पण आमच्या शेजारी समुद्र नाही. सगळं पाणी शहराच्या गटारात सोडायचं म्हटलं तर जीव हळहळतो.

तर मला मदत हवी आहे ती अशी. अशा जागेवर पाणी मुरवायचा सुरक्षित मार्ग असतो का? तो ठरवायला कोणती तपासणी मागावी? आणि भाजीपाल्याचं काय करावं? आणखी एक: जुनी शेड पाडून तिचंच काँक्रीट फोडून भरावाला वापरायचं ठरतंय. ते बरोबर आहे का?

भूजलप्रेमी

अंगणवेल ताई, तुमची शंका जास्तीची अजिबात नाही. मी भूजलाच्या कामात आहे. दूषित भरावात शोषखड्डा म्हणजे छताएवढ्या जागेवरचा पाऊस एका बिंदूतून त्या भरावात ओतणं. साध्या पावसाने जे काम सावकाश झालं असतं ते फार लवकर होईल.

आधी भूजल कुठल्या दिशेला वाहतंय ते विचारा. त्यासाठी निदान तीन निरीक्षण विहिरी लागतात आणि त्याही एका रेषेत नकोत. पातळी पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत, दोन्ही वेळा मोजायला हवी. पुष्कळ लोक म्हणतात, ‘दूषित कोपरा सोडून स्वच्छ कोपऱ्यात खड्डा घेऊ.’ पण मुरवलेल्या पाण्याचा खाली उंचवटा तयार होतो आणि त्याने प्रवाहाची दिशा बदलू शकते. खड्डा स्वच्छ कोपऱ्यात, पण दूषित पाणी ढकललं गेलं शेजाऱ्याच्या विहिरीकडे, असं होऊ शकतं. म्हणून जागेवर किती क्रोमियम आहे एवढ्यावर थांबू नका. त्यातलं पाण्यात किती उतरतं याची वेगळी चाचणी असते, तीही मागा.

तोवर छताचं पाणी टाकीत साठवा. छत स्वच्छ असेल तर ते जमिनीला लागायच्या आत धरलेलं पाणी आहे, फ्लशला आणि झाडांना वापरता येतं. उरलेलं पाणी झाडांच्या वाफ्यांमधून न्या, पण वाफ्यांच्या तळाशी पाणी न झिरपणारं अस्तर आणि खाली निचऱ्याचा पाइप हवा. म्हणजे पाणी गाळून आणि दमाने गटारात जाईल. पूर्ण समाधान नाही, पण जोरदार पावसात गटारावर येणारा लोंढा तरी कमी होतो.

ट्रायक्लोरोइथिलीनच्या वाफेबद्दल मात्र घाई करा. घरांच्या स्लॅबखाली खडीचा थर, त्यात भोकांचे पाइप, ते छताच्या वर नेऊन सोडलेले आणि खडीवर वाफरोधक पडदा, हे सगळं स्लॅब ओतायच्या आत करायचं असतं. लोक राहायला आल्यावर तेच काम महाग आणि त्रासाचं होतं.

अहवालात ‘मर्यादेत’ असा शब्द असेल तर कुठली मर्यादा ते विचारा. उद्योगासाठीची वेगळी, राहत्या घरांसाठीची वेगळी आणि ती बदलतही असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जागेतल्या मातीतल्या शिशाचा इशारा-आकडा २०२४ मध्ये किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणला. जी माती आधी चालली असती ती त्यानंतर चालेना. अंगणात मुलं खेळणार, म्हणून हे टाळू नका.

भाजीपाला उंच वाफ्यांत, बाहेरून आणलेल्या तपासलेल्या मातीत घ्या, आणि खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरा.

जुनंलोखंड

शेडबद्दल सांगतो. लोखंडी सांगाडा आणि छत पेलणाऱ्या कैच्या धड असतील तर पाडू नका. नवीन पोलाद आणि सिमेंट बनवताना जो कार्बन हवेत जातो तो वाचवणं ही सौर पॅनेलइतकीच मोलाची गोष्ट आहे. स्ट्रक्चरल इंजिनियरकडून जोड आणि गंज तपासून घ्या.

पण मुलाम्याच्या विभागातली फरशी फोडून भरावाला वापरू नका. टाक्यांतून वर्षानुवर्षं सांडलेलं क्रोमचं पाणी काँक्रीटमध्ये मुरलेलं असतं. फोडल्यावर त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि आत अडकलेलं बाहेर पडतं. त्या भागातल्या काँक्रीटला आरपार छिद्र पाडून गाभ्याचे नमुने घ्या. स्वच्छ निघालेलं काँक्रीट खुशाल वापरा. छतावरचे सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील तर ते ओले करून, न फोडता, प्रशिक्षित माणसांकडूनच उतरवायचे.

आणि देखभालीचा विचार आत्ताच करा. लंडनच्या दक्षिण भागात सांडपाणी प्रकल्पाच्या जुन्या जागेवर २००२ मध्ये ‘बेडझेड’ ही वसाहत झाली. घरं उत्तम चालली, पण लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा वीज-उष्णता संच काही वर्षांतच बंद करावा लागला. तुमचं आच्छादन आणि वाफेचे पाइप असे बंद पडून चालणार नाहीत. इमारत आहे तोवर ते टिकायला हवेत.

अंगणवेल

दोघांचेही मनापासून आभार. भूजलाची दिशा बदलू शकते हे मला माहीतच नव्हतं, आणि फरशी फोडायचा बेत मी उद्याच थांबवायला सांगते. शोषखड्डे आराखड्यातून काढून तिथे टाकी दाखवा, असं आर्किटेक्टना कळवलंय. निरीक्षण विहिरींचा खर्च बैठकीत मांडणार आहे. तो मंजूर होईपर्यंत खरेदीखतावर सही करायची नाही, असं निदान मी तरी ठरवलंय.

देखभालीवरून एक नवीन प्रश्न. दहा-पंधरा वर्षांनी नळजोडणीसाठी किंवा झाड लावायला कुणी आच्छादन खणलं तर? हे संस्थेच्या उपविधींत कसं लिहायचं? खणण्याआधी कुणाची परवानगी, कुठवर खोल चालेल, खाली रंगीत जाळी अंथरून ‘इथून खाली नको’ ही खूण ठेवायची का, विहिरींचे नमुने कुणी आणि कुठल्या निधीतून घ्यायचे? कुणाच्या संस्थेत अशी कलमं असतील तर मसुदा इथे टाकाल का?