मदत हवी आहे: मायटर सॉवर फ्रेमची पट्टी क्लॅम्प लावूनही उडते

जलरंग_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी शाळेत चित्रकला शिकवते, सुतारकामाशी संबंध फक्त वर्गातली डुगडुगणारी बाकं ठोकण्यापुरता. घरी जलरंगातली अकरा चित्रं पडून आहेत, सगळी १२ बाय १६ इंच. फ्रेमवाल्याचा भाव ऐकला आणि ठरवलं की आपणच करू. शेजारच्या विंगमधले काका कायमचे गावी गेले, त्यांचा १० इंची मायटर सॉ, म्हणजे तिरके काप घ्यायची विजेची गोल करवत, स्वस्तात मिळाला.

पट्टी सागवानी आहे. दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड, काचेची खाच २ सूत रुंद आणि ३ सूत उंच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वरच्या अंगाला गोलाई आणि एक कंगोरा.

आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाज चालत नाही, म्हणून रविवारी सकाळी गॅलरीत बसले. दोन काप बरे गेले. तिसऱ्याला मशीनसोबत आलेला उभा क्लॅम्प चांगला करकचून आवळला होता, तरी ब्लेड अर्ध्यात गेल्यावर पट्टी क्लॅम्पखालीच तिरकी झाली. खट्! तुकडा वॉशिंग मशीनवर आपटून ग्रिलमधून थेट खाली पार्किंगमध्ये. खाली कोणी नव्हतं म्हणून ठीक. माझा डावा हात ब्लेडपासून चार बोटांवर होता. तेव्हापासून मशीन झाकून ठेवलंय. आईला अजून काही बोललेले नाही.

क्लॅम्प आणखी घट्ट करायचा का? दोन क्लॅम्प लावायचे का? की हे मशीन या कामाचंच नाही?

रंधा_आणि_कानस

ताई, आधी हात शाबूत आहे हे वाचून बरं वाटलं. आता एक सांगा, खाच तुमच्याकडे तोंड करून होती की फेन्सकडे, म्हणजे टेबलावरच्या मागच्या उभ्या आडभिंतीकडे? आणि क्लॅम्पची चकती पट्टीवर नेमकी कुठे टेकली होती?

जलरंग_मुलुंड

खाच माझ्या बाजूला, पाठ फेन्सला. चकती कंगोऱ्यावर होती, म्हणजे पुढच्या कडेजवळ. दुसरीकडे कुठे ती बसेचना.

रंधा_आणि_कानस

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पट्टी बरोबर ठेवलीत: पाठ फेन्सला, दर्शनी बाजू वर. लाकूड फुटतं ते खालून आणि मागून, त्यामुळे दिसणारी बाजू वरच हवी. पण खाचेच्या जागी पट्टीखाली लाकूडच नाही. पुढचे २ सूत हवेत लोंबतात. तुम्ही नेमकं त्या ओठावर दाबलंत, वर तो कंगोरा निसरडा. जितकं आवळाल तितकी पट्टी पुढे कलणार आणि पाठ फेन्सपासून उचलणार. ब्लेडच्या दातांना तेवढी संधी पुरते. आणखी घट्ट आवळलं असतंत तर कदाचित पहिल्याच कापाला उडाली असती.

१० इंची ब्लेड मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जातो. हाताची पकड तिथे काहीच नाही.

करायचं असं. १२ मिमी प्लायचा एक पाट घ्या, मशीनच्या टेबलावर बसेल एवढा. त्याच्या मागच्या कडेला उभी प्लायची फळी काटकोनात स्क्रूने जोडा, आणि ती मशीनच्या फेन्सला मागून स्क्रूने धरा (बहुतेक फेन्सना त्यासाठी भोकं असतात). स्क्रू ब्लेडच्या वाटेत येणार नाहीत एवढं बघा. आता पाटावर, फळीपासून सव्वा इंचावर, तिला समांतर एक बारीक पट्टी चिकटवा. दीड इंचातून खाचेचे २ सूत गेले की सव्वा इंच उरतो, तोच हा. तिची उंची खाचेएवढी, ३ सूत. ९ मिमी प्लायची चिंधी घेतलीत तर अर्धा मिमी कमी पडेल, खाली दोन व्हिजिटिंग कार्डं सारा. झालं, तुमचा ओठ आता या पट्टीवर टेकेल आणि सगळी पट्टी सपाट बसेल.

पहिल्या डाव्या आणि उजव्या ४५ अंशाच्या कापाला ब्लेड पाट आणि फळीसुद्धा कापेल. कापू द्या. त्या अरुंद फटीमुळे खालच्या ढलप्या निघायच्या थांबतात आणि कोपऱ्यातून सुटणारा त्रिकोणी तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मधल्या पोकळीत ओढला जात नाही. शिवाय काप नेमका कुठे पडणार ते त्या फटीवरच दिसतं.

लालबागचा_बाळू

एवढा खटाटोप कशाला? आमच्या गल्लीतला फ्रेमवाला तीस वर्षं हाताने धरून कापतोय. सवय लागते.

अर्धं_बोट

बाळूशेठ, माझ्या नावावरून कळलं असेलच. मलाही सवय होती. आणि तुमचा फ्रेमवाला बहुतेक पायाने दाबायच्या गिलोटिनवर कापतो. त्यात ४५ अंशाच्या दोन पात्या एकदम खाली येऊन व्ही आकाराचा तुकडा काढतात. तिथे काही फिरत नाही, त्यामुळे काही उडतही नाही. मायटर सॉशी त्याची तुलना करू नका.

ताई, ब्लेडच्या दोन्ही अंगाला सहा-सहा इंच हात न्यायचाच नाही. मी टेबलावर लाल पट्टा मारून ठेवलाय. उजवीकडचा काप घेताना डावा हात ब्लेडपलीकडे न्यायचा मोह होतो, तिथेच घात होतो. काप संपला की बटण सोडा, पण मशीनचं डोकं (मोटर-ब्लेडचा खालीवर होणारा भाग) लगेच वर उचलू नका. ब्लेड खालीच पूर्ण थांबू द्या, मग उचला. मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

लालबागचा_बाळू

हो, गिलोटिनच आहे. माघार.

गिरगाव_गॅलरी

क्लॅम्पबद्दल. चकती थेट पट्टीवर टेकवूच नका. तीन इंच लांब, दीड इंच रुंद ठोकळा घ्या आणि त्याच्या खालच्या अंगाला जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा तुकडा चिकटवा. रबर गोलाईवर दबतं, कंगोऱ्याला वण पडत नाही. चकती ठोकळ्याच्या फेन्सकडच्या अर्ध्या भागावर टेकली पाहिजे, म्हणजे दाब भरीव लाकडावर जातो आणि पट्टी फेन्सला चिकटून राहते. मशीनच्या क्लॅम्पचा हात तिथपर्यंत पोचत नसेल तर पाटावरच टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की झटक्यात आवळणारा) स्क्रूने बसवा. नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा, अवजारांचीच गल्ली आहे. डावी-उजवीकडे एकेक असला की दर कापाला सोडबांध कमी.

दोनच जपा. एक, प्लग काढून डोकं दोन्ही ४५ अंशांवर पूर्ण खाली आणून बघा. मोटर किंवा गार्ड क्लॅम्पला अडतो, आणि ते चालू मशीनवर कळलं तर उशीर झालेला असतो. दोन, क्लॅम्प फ्रेमसाठी लागणाऱ्या तुकड्यावरच लावा. सुटणारा तुकडा मोकळाच राहू द्या. तो ब्लेड आणि अडसराच्या (सारख्या लांबीसाठी लावलेल्या ठोकळ्याच्या) मध्ये कोंडला की गोळीसारखा सुटतो.

रंधा_आणि_कानस

अनुमोदन, चपलेची युक्ती उचलली. मापाचंही लिहितो, कारण आखूड तुकड्यांनीच अपघात होतात. काचेला १ सूत ढील धरा. बाहेरची लांबी = काच + ढील + दोन वेळा सव्वा इंच. म्हणजे तुमच्या बाजू १४ इंच ५ सूत आणि १८ इंच ५ सूत. चारींची बेरीज साडेसहासष्ट इंच. सहा फूट लांब पट्टी घ्या, म्हणजे ब्लेडची झीज धरूनही शेवटच्या कापाला क्लॅम्पखाली धरायला लाकूड उरेल. पुढे कधी पोस्टकार्डाएवढ्या फ्रेम कराल तर बोटभर तुकडे मशीनवर घेऊ नका, मायटर बॉक्स आणि हातकरवत बरी.

मशीनवर आलेलं ब्लेड किती दातांचं आहे?

जलरंग_मुलुंड

मोजले, २४.

रंधा_आणि_कानस

ते बांधकामाच्या लाकडाचं. ६० किंवा ८० दातांचं घ्या, हिसका कमी बसतो.

नवा_हौशी

मध्येच विचारतो, बाजारात मिळणाऱ्या फायबर पट्टीलाही हेच चालेल का?

गिरगाव_गॅलरी

पाट आणि क्लॅम्प तेच. फक्त ते पॉलिस्टायरीन असतं, ब्लेड एका जागी रेंगाळलं तर वितळून दातांना चिकटतं. न थांबता एका लयीत काप घ्यायचा.

जलरंग_मुलुंड

सगळ्यांचे आभार. पाट दोन संध्याकाळी खाऊन गेला. फळी काटकोनात येत नव्हती, शेवटी शाळेतला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) घरी आणला. प्लग काढून खाली आणल्यावर डाव्या ४५ ला गार्ड खरंच क्लॅम्पच्या दांड्याला अडला, तो दोन इंच सरकवला. काल आठही काप घेतले. पट्टी तसूभर हलली नाही, आणि हात पूर्ण वेळ लाल पट्ट्याबाहेर. गॅलरीच्या ग्रिलला जुनी चादर बांधली होती, तिची गरज पडली नाही.

पण चौथ्या कोपऱ्यात आतल्या बाजूला फट राहतेय, नख जाईल एवढी. बाकी तीन घट्ट. पावसाळ्यामुळे लाकूड फुगलं असेल का?

अर्धं_बोट

फुगलं असतं तर फट बाहेरच्या टोकाला दिसली असती, तीही चारही कोपऱ्यांत. सगळी चूक एकाच कोपऱ्यात साचलीय म्हणजे कोन चुकतोय. दर कापाला अर्धा अंश चुकला तर आठ कापांत चार अंश होतात आणि ते शेवटच्या कोपऱ्यात जमतात. मशीनच्या अंशपट्टीवरच्या ४५ च्या खुणेवर विश्वास ठेवू नका. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून जोडा आणि गुण्या लावून बघा. आधी समोरासमोरच्या बाजू पाठीला पाठ लावून मोजा, कागदाएवढा फरक असला तरी हीच फट येते.

जलरंग_मुलुंड

मोजल्या. दोन लांब बाजूंत अर्ध्या सुताचा फरक आहे. अडसर सरकला असणार, तो मी नुसत्या चिकटपट्टीने लावला होता.

रंधा_आणि_कानस

अडसराला पण क्लॅम्प लावा ताई. त्या दोनपैकी जी जास्त लांब भरली ती अर्धा सूत कापा, आणि एवढा बारीक काप घेताना ब्लेड अगदी सावकाश उतरवा. जोडताना कापलेल्या टोकांना आधी पातळ सरस लावून पाच मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात. आडवं कापलेलं लाकूड पहिला सरस पिऊन टाकतं.