प्र: ओढायची क्षमता पुरेशी असली की झालं?
ट्रेलर दोन टनांचा आणि गाडीची ओढायची क्षमता अडीच टन, मग काळजी कसली, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच बरोबर. अमेरिकी पद्धतीच्या ट्रॅव्हल ट्रेलरला (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात तिथे, खाली दाबणारा लागतो, म्हणजे इथे २०० ते ३०० किलो. हा भार गाडीच्या पेलोडमध्येच, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन वाहू शकते त्यातच, मोजायचा. त्यात चार माणसं आणि डिकीतलं सामान धरा, बऱ्याच एसयूव्ही तिथेच आटपतात.

हुकावरचा भार कमी पडला की काय होतं ते मी छोट्या ट्रेलरवर भोगलंय. मेव्हण्याची बोट मुलुंडहून मांडव्याला नेत होतो, सगळं मिळून जेमतेम ८०० किलो. नांगर, पाण्याचे कॅन सगळं मागे कोंबलेलं. कर्नाळ्याच्या उतारावर ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागला. मेव्हणा ओरडतोय, "अहो, ब्रेक मारा!" मारला असता तर आडवेच झालो असतो. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं, तेव्हा कुठे डोलायचा थांबला. नंतर घरातला वजनकाटा ट्रेलरच्या हुकाकडच्या टोकाखाली ठेवून पाहिलं, फक्त ४२ किलो! कॅन पुढे सरकवले, ९० भरले. परतीच्या वाटेवर मेव्हणा झोपला होता.