स्काडा सर्व्हरच ताब्यात गेला तर? विश्वास वाटून कसा द्यायचा?

पंपवाला:
मंडळी एक शंका. आमच्याकडे पाण्याचे सात पंप, चार टाक्या, प्रत्येक ठिकाणी पीएलसी (पंप-व्हॉल्व्ह चालवणारा छोटा कंट्रोलर), सगळं मॉडबसवर (ही यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा) आणि डोक्यावर एक स्काडा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांवर नजर ठेवून हुकूम देणारा कॉम्प्युटर. ऑडिटवाल्याने विचारलं हा सर्व्हरच कोणी बळकावला तर काय? मी म्हटलं व्हीपीएन (बाहेरून लॉगिन करून आत यायची सुरक्षित वाट) आहे की, तर तो नुसता हसला. विश्वास एका जागी न ठेवता कंट्रोलरांमधे वाटून द्यायचा असं म्हणतात, ते प्रत्यक्षात करतात कसं? ब्लॉकचेन लावू का?

रिलेकाका:
ब्लॉकचेन राहू द्या हो. मॉडबस १९७९ सालचा, त्यात तू कोण म्हणून विचारायची सोयच नाही, जो नेटवर्कवर पोचला त्याने व्हॉल्व्ह बंद म्हटलं की पीएलसी मुकाट्याने बंद करणार. आणि व्हीपीएनचं म्हणाल तर युक्रेनच्या वीज कंपन्यांमधे डिसेंबर २०१५ ला हल्लेखोर चोरलेल्या लॉगिनने व्हीपीएनमधूनच आत शिरले, ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरत होता आणि ब्रेकर (वीज तोडणारे स्विच) उघडत होते, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. ऑडिटवाला उगाच नाही हसला.

शून्य_एक:
काकांशी सहमत, पण मेसेजवर डिजिटल सही लावली तरी निम्मंच काम होतं. आकडा कोणी पाठवला ते सहीवरून कळतं, खरा आहे का ते नाही. स्टक्सनेटमधे, म्हणजे इराणच्या अणुकेंद्रावर सोडलेल्या व्हायरसच्या वेळी, युरेनियमचे सेंट्रिफ्यूज भरकटलेले आणि स्क्रीनवर मात्र आधी रेकॉर्ड केलेले छान आकडे. म्हणून शेजाऱ्याला विचारायचं. समजा टाकी २ म्हणतेय पातळी जैसे थे, पण आत येणारा फ्लोमीटर जोरात आणि बाहेर जाणारा शून्य, मग पाणी गेलं कुठे? हा हिशोब सर्व्हरवर नाही, शेजारच्या पीएलसीतच करायचा, आणि जो वारंवार खोटा पडतो त्याचं वजन कमी करत न्यायचं. एकच राशी बरेच जण मोजत असतील तर सगळ्यात मोठा नि सगळ्यात छोटा आकडा टाकून उरलेल्यांची सरासरी घ्या, एखादा लबाड असला तरी निभावतं, फक्त प्रत्येकाला किमान तीन शेजारी हवेत आणि जाळंही नीट विणलेलं हवं.

पंपवाला:
पण टाकी २ ला सेन्सरच एक आहे 😅 आणि तिला धड दोन शेजारीसुद्धा नाहीत

रिलेकाका:
मग तिथे गणित नको, फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) टाका, वायर थेट पंपाच्या कॉन्टॅक्टरला (पंपाची वीज जोडतो-तोडतो तो), टाकी भरली की पंप बंद, मधे नेटवर्क नाही सॉफ्टवेअर नाही. आणि एक सांगा, अकरा पीएलसी एकाच कंपनीचे, एकच फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), एकच पासवर्ड असं तर नाही ना? तसं असेल तर ते अकरा साक्षीदार नव्हेत, एकच माणूस अकरा तोंडांनी बोलतोय.

पंपवाला:
कंपनी एकच, ते आता बदलणं नाही. पासवर्डही एकच, वर कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलाय 🙈 तो उद्याच बदलतो. फ्लोट स्विचला टेस्टसाठी बायपास ठेवावा का पण?

रिलेकाका:
ठेवा, पण चावीचा, आणि चावी शिफ्ट इंजिनिअरच्या खिशात.